एका प्रश्नपत्रिकेची परीक्षा

प्रश्नपत्रिका काढणे आणि तपासणे हे शिक्षकांचे नेहमीचे काम. प्रश्न मोघम असला की उत्तरे कशी भरकटतात, एका प्रश्नात दोन प्रश्न कोंबले की विद्यार्थी कसा गोंधळतो, उत्तीर्ण होण्याची रेघ ३५ गुणांवर ओढली की ३४ आणि ३५ गुणांच्या दोन मुलांत केवढे अंतर पडते, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको. या अनुभवाचा आधार घेऊन आम्ही या लेखात एक प्रश्नपत्रिका तपासणार आहोत. ती शाळेतली नसून दवाखान्यातली आहे. तिच्यात अवघे नऊ प्रश्न आहेत, ती सोडवायला पाच-दहा मिनिटे पुरतात, आणि अनेक देशांत ती आज संगणकाच्या, टॅब्लेटच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर सोडवली जाते. साध्यासुध्या तक्रारी घेऊन डॉक्टरांकडे आलेल्या माणसाला नैराश्याने तर घेरलेले नाही ना, हे ताडणे हा तिचा उद्देश आहे.

भारतातही ती पोचली आहे. आयुष्मान भारत योजनेत आशा कार्यकर्ती तीस वर्षे व त्यावरील व्यक्तींचा जो तक्ता भरते, त्यात तंबाखू, दारू, कमरेचा घेर या बाबींच्या जोडीला या नऊपैकी पहिले दोन प्रश्न असतात. म्हणजे आपल्यापैकी अनेकांच्या घरी या प्रश्नपत्रिकेचा निदान एक तुकडा येऊन गेला असेल किंवा पुढे येईल. तिचे गोडवे गाणारे पुष्कळ आहेत आणि तिला नाके मुरडणारेही आहेत. घाईने कोणत्याही बाजूला उभे न राहता आपण तीन गोष्टी क्रमाने पाहू. प्रश्न कसे आहेत, गुण कसे दिले जातात, आणि निकाल लागल्यावर पुढे काय होते?

ही पत्रिका आली कोठून?

मनाचा सौम्य त्रास असलेला माणूस सहसा मनोविकारतज्ज्ञाकडे जात नाही. तो नेहमीच्या डॉक्टरकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो, आणि तेथेही 'मन उदास आहे' असे म्हणत नाही. डोके दुखते, झोप लागत नाही, अंगात त्राण नाही, छातीत धडधडते, अशा तक्रारी तो सांगतो. रांग मोठी असते, डॉक्टर गोळ्या लिहून देतात आणि मूळ दुखणे तसेच राहते. निम्हान्स या बंगळूरच्या संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत असे दिसले, की नैराश्याचा आजार असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांना उपचार मिळालेले नव्हते. चाळणी परीक्षा हवी असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा या आकड्यात आहे, आणि तो खरा आहे.

अशी माणसे शोधण्यासाठी प्रश्नावली वापरण्याची कल्पना जुनी आहे. ब्रिटनमध्ये डेव्हिड गोल्डबर्ग यांनी १९७२ मध्ये 'जनरल हेल्थ क्वेश्चनेअर' नावाची ६० प्रश्नांची यादी प्रसिद्ध केली. पुढे तिचे १२ प्रश्नांचे छोटे रूप जगभर वापरले गेले. आपण तपासत असलेली 'पीएचक्यू-९' ही पत्रिका अमेरिकेतील कुर्ट क्रोएन्के, रॉबर्ट स्पिट्झर आणि जेनेट विल्यम्स यांची. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ६,००० रुग्णांनी ती सोडवली होती आणि त्यांतील ५८० जणांची तज्ज्ञांनी स्वतंत्र मुलाखत घेतली होती. या कामाला फायझर या औषध कंपनीचे अनुदान होते, आणि ती कंपनी नैराश्यावरचे औषध विकत होती. यावरून पत्रिका खोटी ठरत नाही, पण परीक्षकाने ही गोष्ट नोंदवून ठेवावी. आज ही पत्रिका वापरायला कोणाची परवानगी लागत नाही, पैसेही पडत नाहीत. तिच्या प्रसाराचे हे एक मोठे कारण आहे.

गेल्या दोन आठवड्यांत पुढील त्रास किती वेळा झाला, असे ती विचारते. कशातही रस न वाटणे, उदास किंवा हताश वाटणे, झोपेची तक्रार, थकवा, भुकेची तक्रार, आपण वाया गेलो असे वाटणे, लक्ष न लागणे, हालचाल मंदावणे किंवा अस्वस्थ येरझाऱ्या घालणे, आणि शेवटी, मेलेले बरे किंवा स्वतःला इजा करावी असे विचार. 'अजिबात नाही' याला ०, 'काही दिवस' याला १, 'निम्म्याहून अधिक दिवस' याला २ आणि 'जवळजवळ रोज' याला ३ गुण. एकूण गुण २७. पाच ते नऊ गुण म्हणजे सौम्य, दहापासून मध्यम, आणि वीसपासून तीव्र. बहुतेक ठिकाणी दहावर रेघ ओढली जाते.

संगणकाने काय साधले?

आता या कथेत संगणक कोठे येतो ते पाहू. वॉर्नर स्लॅक या डॉक्टरांनी १९६६ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात रुग्णाला त्याच्या आजाराची हकीकत विचारणारा संगणक तयार केला. १९७३ मध्ये जॉन ग्राइस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आत्महत्येच्या धोक्याविषयीचे प्रश्नही संगणकाकडून विचारून पाहिले. ग्लासगो येथे १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की रुग्णांनी मनोविकारतज्ज्ञांना सांगितले त्यापेक्षा अधिक दारू पीत असल्याचे संगणकाला सांगितले. यंत्राच्या भुवया उंचावत नाहीत, त्यामुळे त्याच्यापुढे लाज कमी वाटते, असा याचा अर्थ लावता येतो.

याखेरीज संगणक थकत नाही. पहिल्या रुग्णाला आणि पन्नासाव्या रुग्णाला तो तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारतो. एखादा प्रश्न गाळत नाही, बेरीज चुकवत नाही, आणि तीन महिन्यांपूर्वीचे गुण लगेच समोर ठेवतो. हे गुण लहान नाहीत आणि त्यांचे श्रेय संगणकाला दिलेच पाहिजे.

परंतु येथे एक गोष्ट नजरेतून सुटते. ग्लासगोचा रुग्ण आणि यंत्र यांच्या संवादात तिसरा माणूस प्रश्न विचारायला नव्हता. आपल्याकडे टॅब्लेट आशाताईंच्या हातात असतो, प्रश्न त्या वाचून दाखवतात, आणि त्या बहुधा त्याच गावातल्या असतात. शेजारी सासू बसलेली असते, दारात मुले उभी असतात. अशा वेळी 'माणसे यंत्राला खरे सांगतात' हा निष्कर्ष तेथून उचलून येथे लावता येणार नाही. प्रश्न पडद्यावर आहेत म्हणून एकांत मिळाला असे होत नाही.

प्रश्न तपासू या

प्रथम एका प्रश्नात दोन प्रश्न कोंबण्याचा दोष. झोप लागत नाही आणि फार झोप येते, भूक मेली आहे आणि फार खाल्ले जाते, हालचाल मंदावली आहे आणि चैन पडत नाही, या उलट्या बाजूच्या तक्रारी प्रत्येकी एकाच प्रश्नात आहेत. नैराश्यात दोन्ही प्रकार घडतात म्हणून ते जोडले आहेत हे खरे. पण ऐकणारा माणूस गोंधळतो, आणि उत्तर 'रोज' असे आले तर नक्की काय रोज होते हे गुणांवरून कळत नाही.

दुसरा दोष मोजमापाचा. 'निम्म्याहून अधिक दिवस' याचा अर्थ चौदांपैकी आठ किंवा अधिक दिवस. उदास असल्याचे आठवेल, पण किती दिवस याचा हिशोब कोण ठेवतो? लक्ष लागते का हे विचारताना मूळ पत्रिकेत वर्तमानपत्र वाचण्याचे आणि दूरदर्शन पाहण्याचे उदाहरण दिले आहे. ज्या बाईला वाचता येत नाही तिला हा प्रश्न कसा विचारायचा? तांदूळ निवडताना, दूध तापवताना लक्ष राहते का, असे विचारले तर ती सहज उत्तर देईल.

तिसरा दोष सर्वांत महत्त्वाचा. झोप, थकवा, भूक यांना मिळून नऊ गुण आहेत. पण थकवा रक्तक्षयाने येतो, थायरॉइडच्या विकाराने येतो, मधुमेह व क्षयरोगानेही येतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. अशा देशात थकव्याच्या तीन गुणांचा अर्थ सरळपणे मनाकडे नेणे धोक्याचे आहे.

दोन माणसांची उत्तरे शेजारी ठेवून पाहा. एक आहे रात्रपाळीचा पहारेकरी. झोपेला ३, थकव्याला ३, भुकेला २, लक्ष न लागण्याला २, एकूण १०. पहिल्या दोन प्रश्नांना, म्हणजे रस नसणे आणि उदासी यांना, त्याने शून्य दिले आहे. दुसरी आहे एक तरुणी. रस नाही ३, उदासी ३, आपण वाया गेलो ३, मरणाचे विचार १, एकूण १०. संगणकाच्या दृष्टीने दोघे सारखे, 'मध्यम'. मानसोपचाराच्या पाठ्यपुस्तकी निकषांनुसार तर पहिल्या दोनपैकी एक लक्षण असल्याशिवाय नैराश्याचे निदानच होत नाही. म्हणजे पहारेकऱ्याला बहुधा झोपेची गरज आहे आणि तरुणीला तातडीने कोणीतरी भेटण्याची.

नऊ प्रश्नांत ० ते ३ गुण देऊन बरोबर दहा बेरीज किती प्रकारे करता येईल? गणिताच्या शिक्षकांनी हे करून पाहावे. उत्तर १८,३५१ येते. एवढ्या वेगवेगळ्या कहाण्यांना एकच आकडा आणि एकच नाव मिळते. बेरीज बरोबर असली तरी तिने काय झाकले आहे हे विचारावेच लागते.

चाळणीचे गणित

चाळणीत दोन प्रकारच्या चुका होतात. खडा खाली पडतो आणि दाणा वर राहतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संकलनात ५८ अभ्यासांतील १७,३५७ लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. तज्ज्ञाने सविस्तर मुलाखत घेऊन केलेल्या निदानाशी ताडून पाहता, दहाची रेघ ओढली असता ही पत्रिका नैराश्य असलेल्या १०० पैकी ८८ जणांना पकडते, आणि नसलेल्या १०० पैकी ८५ जणांना बरोबर सोडते. ऐकायला हे आकडे उत्तम वाटतात. आता ते वापरून पाहू.

दवाखान्यात १,००० माणसे आली आणि त्यांतील १०० जणांना खरोखर नैराश्य आहे असे समजा. पत्रिका ८८ जणांना पकडील, १२ सुटतील. उरलेल्या ९०० पैकी १५ टक्के, म्हणजे १३५ जण विनाकारण पकडले जातील. पडदा एकूण २२३ जणांकडे बोट दाखवील आणि त्यांत खरे ८८ असतील, म्हणजे पाचांत दोन.

हीच पत्रिका घेऊन आपण दवाखान्यातून बाहेर पडलो आणि घरोघर गेलो, तर आजारी माणसांचे प्रमाण कमी होईल. ते हजारी ४० धरा. ४० पैकी ३५ सापडतील, आणि ९६० निरोगी माणसांपैकी १४४ जण चाळणीवर अडकतील. १७९ पैकी खरे ३५, म्हणजे पाचांत एक. पत्रिका तीच, रेघ तीच, संगणक तोच. माणसे बदलली आणि निकालाचा अर्थ बदलला.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. २०२० मध्ये ४४ अभ्यासांतील ९,२४२ लोकांची अशीच तपासणी झाली. पत्रिकेच्या दहाच्या रेघेनुसार २४.६ टक्के लोकांत नैराश्य दिसत होते. त्याच लोकांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या तेव्हा ते १२.१ टक्के निघाले. 'दर चौथा माणूस नैराश्याने ग्रस्त' अशी बातमी वाचली, की हा आकडा चाळणीचा आहे की मुलाखतीचा, हे वाचकांनी विचारावे.

चाळणी वाईट आहे असा याचा अर्थ नाही. तिला तराजू समजण्यात चूक आहे. चाळणीनंतर कोणीतरी बसून हाताने निवडायचे असते. ते काम करणारा माणूस असेल तर २२३ जणांची यादी फार उपयोगाची आहे, कारण त्याला १,००० जणांना तपासावे लागणार नाही. तो माणूस नसेल तर १३५ जणांच्या डोक्यावर एक नवी काळजी बसेल आणि ८८ जणांना फक्त आजाराचे नाव कळेल.

सौम्य त्रासाचे काय करावे?

पाच ते नऊ गुणांच्या पट्ट्यात सर्वाधिक सावधपणा लागतो. कर्जाचा हप्ता थकला आहे, घरात मृत्यू झाला आहे, नवरा पिऊन येतो, सोयाबीन हातचे गेले आहे, अशा कोणत्याही घरात पाच-सात गुण सहज होतील. पत्रिका कारण विचारतच नाही. दुःखाला आजाराचे नाव दिले की उपाय गोळीत शोधला जातो आणि कारण तसेच राहते.

सौम्य त्रास पुष्कळदा काळाबरोबर ओसरतो. शिक्षकांना याचा दाखला वर्गातच मिळेल. पहिल्या घटक चाचणीत सर्वांत कमी गुण मिळालेली दहा मुले निवडा. काही विशेष न करताही त्यांतील बऱ्याच जणांचे गुण पुढच्या चाचणीत वाढतात, कारण पहिला दिवस त्यांचा वाईट होता. त्याच काळात त्यांना एखादे टॉनिक दिले असते तर श्रेय टॉनिकला गेले असते. म्हणून ज्या अहवालात 'आमच्या कार्यक्रमानंतर गुण कमी झाले' एवढेच लिहिलेले असते आणि तुलनेसाठी दुसरा गट नसतो, तो अहवाल अपुरा समजावा. ब्रिटनमधील 'नाइस' या संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शनात स्पष्ट सांगितले आहे, की कमी तीव्रतेच्या नैराश्यात सुरुवातीलाच नैराश्यविरोधी गोळ्या सरसकट देऊ नयेत. रुग्णाला स्वतःलाच त्या हव्या असतील तर गोष्ट वेगळी. मार्गदर्शित स्वयंमदत, गटातील व्यायाम, समुपदेशन असे मार्ग आधी पाहावेत.

नववा प्रश्न

आता शेवटच्या प्रश्नाकडे येऊ. एखाद्याने पहिल्या आठ प्रश्नांना शून्य दिले आणि नवव्याला 'जवळजवळ रोज' असे उत्तर दिले, तर त्याची बेरीज तीन होते. पाचच्या खाली, म्हणजे काही नाही. केवळ बेरीज पाहणारा संगणक त्याला 'आपण ठीक आहात' असे सांगून घरी पाठवील. त्यामुळे नववा प्रश्न बेरजेपासून वेगळा वाचणे आवश्यक आहे.

या प्रश्नातही दोन गोष्टी एकत्र आहेत. आपल्याकडे ऐंशी वर्षांची आजी 'देवाने आता उचलावे' असे रोज म्हणते आणि संध्याकाळी नातवंडांशी पत्ते खेळते. दुसरीकडे जिवाचे बरेवाईट करून घ्यायचे ठरवलेला माणूस तितक्याच शांतपणे तेच उत्तर देतो. दोघांना तेच गुण. फरक कळतो तो पुढचा प्रश्न विचारल्यावर, उत्तर ऐकताना चेहऱ्याकडे पाहिल्यावर. म्हणून आमचे स्पष्ट मत आहे, की ज्या ठिकाणी नवव्या प्रश्नाचे 'होय' त्याच वेळी वाचणारा माणूस हजर नाही, तेथे तो प्रश्न पडद्यावर विचारू नये. उत्तर घ्यायचे आणि ते कोणी पाहायचे नाही, यापेक्षा न विचारणे बरे.

निकालानंतर

चाळणी आणि निवडणारा माणूस यांपैकी कशाने फरक पडतो, याची परीक्षा आपल्या शेजारीच झाली आहे. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेला 'मानस' नावाचा प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १२ सरकारी आरोग्य केंद्रे आणि १२ खासगी दवाखाने होते. रुग्णांची चाळणी गोल्डबर्ग यांच्या १२ प्रश्नांच्या यादीने झाली, आणि ती दोन्ही गटांत झाली. तुलनेच्या गटातील डॉक्टरांनाही चाळणीचा निकाल कळवला होता. प्रयोगाच्या गटात एक गोष्ट अधिक होती. स्थानिक, प्रशिक्षण दिलेला, पण डॉक्टर नसलेला समुपदेशक रुग्णाशी बोलत होता, त्याला आजार समजावून सांगत होता, आणि गरजेप्रमाणे पुढच्या पायरीवर नेत होता.

सहा महिन्यांनी सरकारी केंद्रांत काय दिसले? निदान पक्के झालेल्यांपैकी समुपदेशक असलेल्या केंद्रांत ६५.९ टक्के बरे झाले होते, आणि नुसता निकाल कळवलेल्या केंद्रांत ४२.५ टक्के. चाळणी दोन्हीकडे सारखीच होती. फरक पडला तो समुपदेशक असण्याने. खासगी दवाखान्यांत मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखेच लोक बरे झाले. ओळखीचा डॉक्टर तेथे आधीच थोडे बोलत-ऐकत असावा, ही त्याची एक शक्यता आहे.

टॅब्लेटचा प्रयोग आंध्र प्रदेशात झाला. 'स्मार्ट मेंटल हेल्थ' या प्रकल्पात पश्चिम गोदावरी जिल्ह्यातील ३० आदिवासी गावांत आशा कार्यकर्त्यांनी टॅब्लेटवर ५,००७ प्रौढांची चाळणी केली आणि २३८ जण पुढील तपासणीसाठी निवडले गेले. अशा लोकांत मानसिक आरोग्याची सेवा घेणाऱ्यांचे प्रमाण ०.८ टक्क्यांवरून १२.६ टक्क्यांवर गेले. २०१७ च्या या अहवालात तुलनेचा गट नव्हता. ती उणीव पुढे भरून काढली गेली. आंध्र आणि हरयाणातील ४४ आरोग्य केंद्रांच्या परिसरात ९,९२८ लोकांवर झालेल्या प्रयोगाचे निकाल २०२४ मध्ये आले. जास्त धोका असलेल्यांचे पीएचक्यू-९ चे सरासरी गुण वर्षानंतर प्रयोगाच्या गटात २.७७ आणि तुलनेच्या गटात ४.४८ होते. येथे संगणक खरोखर उपयोगी पडला, पण त्याचे काम चाळणीपुरते नव्हते. डॉक्टरला सल्ला देणे, कोणाकडे पुन्हा जायचे याची आठवण आशाताईंना करून देणे, ही कामे तो करत होता, आणि जोडीला गावात मानसिक आजाराविषयीची भीती व लाज कमी करण्याची मोहीम होती.

आणि संगणक मुख्य साधन नसतानाही काय होऊ शकते हे आपल्याच अमरावती जिल्ह्यात दिसले. 'विश्राम' या कार्यक्रमात ३० गावांत स्थानिक कार्यकर्ते आणि समुपदेशक यांच्या मदतीने काम झाले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोचणारे ४.३ टक्के होते ते १८ महिन्यांत २७.२ टक्के झाले. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या असल्याने आंध्रचे आणि अमरावतीचे आकडे एकमेकांसमोर ठेवून शर्यत लावू नये. पण दोन्हीकडे समान काय होते ते दिसतेच.

मोठ्या देशांतील मतभेदाचे मूळही येथेच सापडते. अमेरिकेच्या अधिकृत तज्ज्ञगटाने २०१६ मध्ये सर्व प्रौढांची नैराश्यासाठी चाळणी करावी असे म्हटले. कॅनडाच्या तशाच गटाने २०१३ मध्ये सरसकट चाळणी करू नये असे म्हटले. अमेरिकेच्या शिफारशीला एक अट आहे. नेमके निदान, परिणामकारक उपचार आणि पाठपुरावा यांची व्यवस्था असावी. शिफारस सगळे उद्धृत करतात, अट मात्र विसरली जाते.

आमचा शेरा

एवढे पाहिल्यावर या प्रश्नपत्रिकेला नापास करावे असे आम्हाला वाटत नाही. पण तिला मोकळे सोडावे असेही वाटत नाही. पडद्यावरची चाळणी गावात किंवा दवाखान्यात येणार असेल तर काही गोष्टींचा आग्रह धरायला हवा. पडद्याने आजाराचे नाव सांगू नये, 'याविषयी डॉक्टरांशी बोला' एवढेच सांगावे. नववा प्रश्न वेगळा वाचला जावा. थकव्याची तक्रार असेल तर रक्त आधी तपासावे. उत्तरे कोठे साठतात आणि कोण पाहतो हे रुग्णाला सांगावे, कारण मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार गुप्तता हा त्याचा हक्क आहे. आणि अहवालात किती जणांची चाळणी झाली यापेक्षा किती जणांशी कोणी दुसऱ्यांदा बोलले, हा आकडा आधी छापावा.

भाषेचाही विचार व्हावा. झिंबाब्वेमध्ये १९९० च्या दशकात विक्रम पटेल आणि स्थानिक सहकाऱ्यांनी शोना भाषकांच्या बोलण्यातले शब्द गोळा करून १४ प्रश्नांची यादी बनवली होती. 'फार विचार करणे' या अर्थाचा 'कुफुंगिसिसा' हा त्यांचा शब्द तिच्यामागे होता. आपल्याकडे 'जिवाला चैन नाही', 'मन लागत नाही', 'काळजीने पोखरले', 'डोक्यात काहूर माजले' असे किती तरी शब्दप्रयोग आहेत. परक्या भाषेतली पत्रिका मराठीत उतरवण्यापेक्षा या शब्दांपासून सुरुवात केली तर प्रश्न ऐकणाऱ्याला आपले वाटतील.

शिक्षकांना दोन विनंत्या. ही पत्रिका प्रौढांसाठी तयार केलेली आहे, ती वर्गातल्या मुलांवर वापरून पाहू नये. मूल गप्प झाले असेल तर त्याच्याशी बोलावे, पालकांशी बोलावे, आणि गरज वाटल्यास 'टेलि-मानस' या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला घ्यावा. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. दुसरी विनंती अशी, की चाळणीचे गणित मात्र वर्गात जरूर करावे. १,००० ऐवजी १०० चिंचोके घ्या, दहांवर खडूने खूण करा, आणि वर दिलेल्या प्रमाणात 'पकडलेले' आणि 'सुटलेले' असे ढीग लावा. पकडलेल्यांत खुणेचे किती आणि बिनखुणेचे किती हे मुलांनी मोजले, की 'यंत्र ८८ टक्के अचूक आहे' या वाक्याने ती सहज फसणार नाहीत. उद्या त्यांच्या घरी कोणी टॅब्लेट घेऊन आले, तर प्रश्नांची उत्तरे देण्याआधी ती एक साधा प्रश्न विचारतील. गुण जास्त आले तर आमच्याशी पुढे कोण बोलणार आहे?